सही करण्याआधी

२००९ च्या जुलैत सोलापुरातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन मी भोसरीला आलो. गवळीमाथ्याजवळ कॉट बेसिसवर राहायची सोय झाली आणि आठवड्याभरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. तिथली बरीच माणसं आजही माझ्या घरच्या कार्याला येतात. पण त्या चार वर्षांत जे शिकलो ते नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना आधीच कुणीतरी सांगायला हवं, असं मनापासून वाटतं. नवख्या माणसाच्या हातात ना पद असतं, ना ओळख. असते ती फक्त त्याची सही. आणि ती कशावर करतोय हेच त्याला माहीत नसतं.

रुजू झालो त्या दिवशी टेबलावर चार कागद आले: नेमणूकपत्र, दोन वर्षांचा बॉण्ड, मूळ प्रमाणपत्रं जमा केल्याचा फॉर्म आणि एक कोरा कागद. नोकरी लागल्याच्या आनंदात मी पाच मिनिटांत चारही ठिकाणी सही केली. दहावीची आणि डिप्लोमाची मूळ मार्कशीट देऊन टाकली, पोच घेतली नाही. पुढे एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं तेव्हा दाखवायला माझ्याकडे मूळ कागद नव्हते. ते परत मिळायला चौदा महिने गेले.

म्हणून पहिल्या दिवशी एवढं करा. मूळ कागद पडताळणीसाठी समोर दाखवा आणि स्वसाक्षांकित झेरॉक्स द्या. "सगळेच जमा करतात," असं म्हणाले तर शांतपणे म्हणा, "करतो सर, यादीसकट पोच द्या." बहुतेक वेळा मागणी इथेच मऊ पडते. बॉण्ड घरी नेऊन वाचायला मागा. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी करायची नाही.

आता डिसेंबरातली ती तिसरी पाळी. पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि सहाला गाडी निघायची होती. बुशचा, म्हणजे आतून पोकळ गोल भागांचा लॉट होता, चारशे नग. बोअर, म्हणजे आतलं भोक, २० एच ७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर. तपासायला प्लग गेज, म्हणजे भोकात घालून बघायची मापाची दांडी, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत जायला हवं, नो-गो अडायला हवं; ते आत गेलं तर भोक मापापेक्षा मोठं. पाचवा नग कॉटन वेस्टने पुसला, नो-गो लावलं आणि ते कुठेही न अडता सरळ आत गेलं. सातव्यालाही गेलं. अकराव्यालाही.

मी शिफ्ट इन्चार्जना दाखवलं. ते म्हणाले, "गेज घासलं असेल रे. मार सही, सकाळी बघू." गेज घासून बारीक झालं तर असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. म्हणून शंका घ्यायला जागा होती, आणि मी त्या जागेत लपलो. रिपोर्टवर "४०० नग ओके" लिहून सही केली.

तीन आठवड्यांनी कस्टमरच्या लाइनवरून तक्रार आली. मेमो, म्हणजे खुलासा मागणारी लेखी नोटीस, एकट्या माझ्या नावाने निघाला. इन्चार्ज सगळ्यांसमोर म्हणाले, "इन्स्पेक्शन त्याचं होतं." ती रात्र मी कॉटवर बसून काढली. माझ्यावर अन्याय झाला होता, यात शंका नाही. पण कागदावर खोटं मी लिहिलं होतं, हेही तितकंच खरं होतं. कामावरच्या बऱ्याच अन्यायांत या दोन्ही गोष्टी अशा एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि म्हणूनच तक्रार करायला तोंड उघडत नाही.

लेथवर एक काका होते, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते जवळ येऊन म्हणाले, "तुला न्हाई म्हणता येत नसंल तर नको म्हणू. पण मोजलंस तेवढंच लिही." या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली.

मार्चमध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. या वेळी मी रिपोर्टवर लिहिलं: तपासलेले नग २०, नो-गो आत गेलेले ३, वापरलेल्या गेजचा नंबर अमुक, लॉट होल्डवर. खाली लिहिलं, "पाठवायचा असल्यास शिफ्ट इन्चार्ज यांची मंजुरी," आणि रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली नाही. गाडी थांबली. याची किंमत नसते असं मी म्हणणार नाही. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि सलग तीन आठवडे मला तिसरी पाळी लागली. पण मेमो आला नाही. वाद न घालता, आवाज न चढवता "नाही" म्हणायची ही रीत आहे. अकाउंटमध्ये असाल, हॉस्पिटलात असाल किंवा सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत असाल, तुमच्या कामातही "ओके" लिहायची अशी एखादी जागा असतेच. जे पाहिलंत तेवढंच तिथे लिहा.

मेमो आलाच तर घाबरून तो नाकारू नका आणि रागात लगेच उत्तरही लिहू नका. "मिळाला, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारखेसह सही करा आणि प्रत घ्या. दिलेल्या मुदतीत खुलासा द्या: काय घडलं, किती वाजता, कोण हजर होतं, एवढंच. विशेषणं गाळा. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घ्या. मी एक दोनशे पानी वही ठेवली होती, कंपनीच्या कामाची नव्हे तर माझी स्वतःची. पाळी संपली की बसमध्ये चार ओळी लिहायचो. कुणी काय बोललं ते शक्यतो त्याच शब्दांत. सहा महिन्यांनी आठवून सांगितलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं, यांत ऐकणाऱ्याच्या लेखी फार फरक पडतो.

पगाराचं थोडक्यात सांगतो. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. कामगाराच्या जादा तासांना दुप्पट दर आहे. तुमच्या कार्डावर "एक्झिक्युटिव्ह" छापलं म्हणून तुम्ही आपोआप कामगार नाही असं होत नाही. कायदा पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम बघतो. पीएफ मात्र स्वतः तपासा. आमच्या पॅकिंगमधल्या कंत्राटी मुलींच्या पगारातून पीएफ कापला जायचा आणि तो भरलाच जात नव्हता, हे दोन वर्षांनी कळलं. तेव्हा खात्याची स्लिप वर्षातून एकदा, कंपनीमार्फत यायची. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, आल्यापासून पासबुक मोबाइलवर दिसतं. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावी लागते. महिन्यातून एकदा सरकारचं उमंग अॅप उघडा आणि पगाराच्या स्लिपशी ताडून बघा.

लैंगिक छळाची गोष्ट वेगळी आहे. ती "जरा सांभाळून घे" म्हणून झाकायची नसते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. कामाची जागा लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मैत्रिणीवर अशी वेळ आली तर तिच्या वतीने निर्णय घेऊ नका, लिहायला तिच्या शेजारी बसा.

आणि एक छोटा पेच, जो सगळ्यांना पडतो. रूममेट म्हणतो, "माझं हजेरीचं कार्ड पंच कर, मी अर्ध्या तासात पोचतो." मी दोनदा केलं. मशीनवर त्याच वेळी अपघात झाला असता तर कागदोपत्री तो आत होता आणि प्रत्यक्षात बाहेर, हे लक्षात आल्यावर बंद केलं. तो महिनाभर रुसला. पंचही सहीच असते.

२०१३ मध्ये ऑर्डरी घटल्या. एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं जात होतं, "राजीनामा लिहून द्या, नाहीतर कमी करावं लागेल आणि अनुभवपत्रावर त्याचा परिणाम होईल." माझ्यापुढे छापील राजीनामा आणि पेन ठेवलं. मी म्हणालो, "सर, उद्या सांगतो." आवाज कापत होता, पण तेवढंच म्हणालो आणि उठलो. रात्री मामांना फोन केला. ते एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. ते म्हणाले, "जायचंच असेल तर जा, पण तू स्वतःहून सोडलीस असं फुकट लिहून देऊ नकोस. हिशेब आधी, सही नंतर."

दुसऱ्या दिवशी मी ईमेल केला: काल मला राजीनामा मागण्यात आला, माझी सोडण्याची इच्छा नव्हती, कंपनीचा निर्णय असेल तर नोटिशीचा पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि अनुभवपत्र लेखी कळवावं. दोन आठवडे बोलणी झाली. शेवटी तिन्ही गोष्टी मान्य झाल्या.

अकाउंटमध्ये मॅडमनी हिशेबाचं व्हाउचर पुढे केलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि खिशातली वही उघडून एकेक ओळ ताडून पाहिली. रजेचे सहा दिवस कमी लागले होते. मॅडमनी रजिस्टर काढलं, बोटाने तारखा मोजल्या आणि काही न बोलता नवीन व्हाउचर छापायला टाकलं.