हॉल रोडचं मॉडेल करताना या चुका टाळा

खाण नियोजनाचं सॉफ्टवेअर म्हणतं हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या माल वाहायच्या रस्त्यावर, डंपरची फेरी २२ मिनिटांची; खाणीत लागतात २७. मग नियोजनाच्या खोलीत कुणीतरी रोलिंग रेझिस्टन्स (चाकं फिरताना रस्ता करतो तो विरोध, वजनाच्या टक्क्यांत) दोनाचा साडेतीन करतं, आकडा जुळतो आणि अहवाल पुढे जातो. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. तिच्याकडे येऊच, पण आधी रस्त्याची रेघ नीट आहे का ते बघू, कारण निम्मी गडबड तिथेच असते.

ड्रोन सर्व्हेवरून सेंटरलाइन, म्हणजे रस्त्याची मध्यरेषा काढली की दर अर्ध्या मीटरला एक बिंदू पडतो. ग्रेडरने (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने) कडेला सोडलेली मातीची ओळ किंवा एखादा दगड आला की उंचीत १० सेंटीमीटरचा फरक सहज येतो. अर्ध्या मीटरला १० सेंटीमीटर म्हणजे २० टक्के चढ! सॉफ्टवेअर तो खरा मानून डंपरला खालच्या गिअरमध्ये टाकतं आणि पुढच्याच तुकड्यावर उतार समजून ब्रेक लावतं. सपाट रस्त्यावर वेगाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसला तर दुसरं कारण शोधू नका. बिंदू १० ते २० मीटरवर आणा, उंची गुळगुळीत करा, मग चढानुसार रस्ता रंगवून बघा. डिझाइनपेक्षा तीव्र दिसणारा प्रत्येक तुकडा हाताने तपासा.

दोन रस्ते प्लॅनमध्ये, म्हणजे वरून बघताना, जुळलेले दिसतात, पण मॉडेल आडवं फिरवलं की एकाचं टोक दुसऱ्याच्या दोन मीटर वर, हवेत! ‘मार्ग सापडला नाही’ असा संदेश आला तर नशीब समजा. बहुतेकदा सॉफ्टवेअर गुपचूप लांबचा वळसा घेतं आणि ओबी (खनिजावरचा काढून टाकायचा माती-दगड) शेजारच्या डंपऐवजी, म्हणजे तो टाकायच्या ढिगाऐवजी, पलीकडच्या डंपवर जाताना दिसतो. म्हणून प्रत्येक बेंचपासून (खाणीतल्या खोदकामाच्या पायरीपासून) प्रत्येक डंपपर्यंत सर्वांत जवळचा मार्ग एकदा काढून बघावा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

चढ भरताना एकक तपासा. १ : १६ म्हणजे ६.२५ टक्के, १ : १० म्हणजे १० टक्के. १० अंश मात्र १७.६ टक्के होतात. उलट, अंतर उताराच्या रेषेवर मोजायचं की आडवं, यावर लोक तासभर वाद घालतात. १० टक्के चढाला तो फरक अर्धा टक्का आहे. सोडून द्या.

स्विचबॅकची आतली कड

रॅम्पचा, म्हणजे खाणीतून वर येणाऱ्या रस्त्याचा, ८ टक्के चढ तसाच स्विचबॅकवर, म्हणजे रस्ता उलटा फिरतो त्या वळणावरही नेला जातो. समजा वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या २० मीटर आणि रस्ता २० मीटर रुंद आहे. आतल्या कडेची त्रिज्या १० मीटर उरते. चढायची उंची तेवढीच, अंतर निम्मं, म्हणजे आतल्या कडेला चढ १६ टक्के. सॉफ्टवेअर मध्यरेषेवरून चालतं, त्यामुळे त्याला याचा पत्ता नसतो. डंपरचे आतले टायर मात्र तिथूनच जातात. वळणावर चढ कमी करा आणि वेगमर्यादाही घाला. २० मीटर त्रिज्या, बाजूचं घर्षण ०.२ धरलं आणि रस्त्याला आत झुकाव नसेल, तर सुरक्षित वेग तासाला २२ किलोमीटरच्या आसपास येतो. मर्यादा घातली नाही तर मॉडेलमधला रिकामा डंपर तिथून चाळीसनेही जाईल. उतारावरच्या फेरीतही हाच घोळ होतो, म्हणून रिटार्डर (उतारावर वेग आवरणारी ब्रेकची यंत्रणा) आणि खाणीतली वेगमर्यादा दोन्ही लावलेले हवेत.

एकच रोलिंग रेझिस्टन्स सगळीकडे

कॅटरपिलरच्या हँडबुकातला ठोकताळा सोपा आहे: एकूण वजनाच्या २ टक्के, अधिक टायर जेवढे सेंटीमीटर रुतेल त्या प्रत्येकामागे ०.६ टक्का. ५ सेंटीमीटर रुतला की ५ टक्के. मुख्य रॅम्प पक्का असला तरी फेसजवळ (खोदाई चालते त्या भिंतीजवळ) आणि डंपच्या माथ्यावर तसा रस्ता नसतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात काळ्या मातीवरून जाणारा तुकडा जूनपूर्वी आणि जुलैत सारखा धरणं तर भाबडेपणाच आहे.

शंभर टनी डंपर भरल्यावर साधारण १६० टनांचा होतो. ८ टक्के चढ आणि २ टक्के रेझिस्टन्स मिळून १० टक्के. रेझिस्टन्स ५ झाला की १३. इंजिनाची ताकद तीच, म्हणून तासाला १३ किलोमीटरने चढणारा डंपर १० वर येतो. गिअरच्या पायऱ्यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. एक किलोमीटरच्या रॅम्पवर साडेचार मिनिटांऐवजी सहा लागतात. म्हणून रस्त्याचे निदान तीन प्रकार करा: फेस, मुख्य रस्ता आणि डंप. पावसाळ्याचे आकडे वेगळे ठेवा.

आता सुरुवातीचा साडेतीन. पाच मिनिटांचा फरक खरं तर शॉव्हेलपाशी (डंपर भरणाऱ्या यंत्रापाशी) रांगेत गेला असेल, आणि आपण तो रस्त्यावर टाकला तर या महिन्याचा आकडा जुळतो. पुढच्या वर्षी खाण खोल होते, रॅम्प लांबतो. खोट्या रेझिस्टन्सने घातलेला जादा वेळ लांबीबरोबर वाढत जातो. तेवढ्याच डंपरांना फेरी लांब झाली की रांग खरं तर घटते. म्हणजे मॉडेल नेमकं उलट्या दिशेला चुकतं आणि नको असलेले डंपर मागतं.

फेरी तुकड्यांत फोडूनच जुळवा: रांग, शॉव्हेलपाशी लावणं, भरणं, भरून चढणं, रिकामं करणं, परतणं. डिस्पॅच सिस्टीम (डंपरांवर नजर ठेवून त्यांना कामं वाटणारी यंत्रणा) असेल तर जीपीएसवरून प्रत्येक तुकड्याचा वेळ मिळतो. नसेल तर एक शिफ्ट स्टॉपवॉच घेऊन बसा. आधी एकच डंपर एकाच मार्गावर चालवून रॅम्पवरचा वेग जुळवा, मग ताफा. ताफ्याच्या साध्या हिशोबात भरलेले डंपर एकमेकांच्या आरपार पुढे निघून जातात. खाणीत संथ डंपरमागे सगळे अडकतात. ओव्हरटेकला बंदी असलेला पर्याय निवडा.

राहिली तारीख. खणून गेलेल्या बेंचवरचा रॅम्प मॉडेलमध्ये चालूच राहतो आणि पुढच्या तिमाहीतले डंपर नसलेल्या जमिनीवरून जवळचा रस्ता काढतात. प्रत्येक रस्त्याला सुरुवात आणि शेवटची तारीख द्या, आणि दर कालावधीचा मार्ग त्या-त्या कालावधीच्या पृष्ठभागावर टाकून बघा.