गृहभेटीच्या अहवालात ‘दुर्लक्ष’ लिहिण्याआधी

कॅनडात १९५१ साली तिथल्या आदिवासींसाठीचा ‘इंडियन अॅक्ट’ बदलला आणि प्रांतांचे बालकल्याण कायदे आदिवासींच्या राखीव वसाहतींनाही लागू झाले. मग समाजसेवक तिथे गृहभेटींना जाऊ लागले. घरात फ्रीज नाही, कपाटात डबे नाहीत. वाळवलेलं मांस, मासे, रानफळं होती, पण ती त्यांना अन्न वाटलीच नाहीत. ‘पालक पोट भरत नाहीत’ असा शेरा पडला, आणि अशा शेऱ्यांवर हजारो मुलं उचलून बहुतेक गोऱ्या घरांत दिली गेली. उचलणारे दुष्टच होते असं नाही; रकाने भरत होते.

आपल्याकडे गोरे कायमचे वसायला आले नाहीत, हा फरक आहेच. पण पारध्यांसारख्या जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्यांनीच केला आणि तो १९५२ पर्यंत चालला. म्हणून पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, वही घेऊन उतरलेला माणूस आधी पोलिसाचाच वाटतो. नागपुरातून रामटेक-देवलापारच्या आदिवासी गावांकडे किंवा एखाद्या बेड्यावर क्षेत्रकार्याला निघताना हे धरूनच चाला.

आधी वेळ. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची आणि मेमध्ये विडीसाठी तेंदूची पानं तोडायची, म्हणजे पहाटेच घर रिकामं. अकराला पोचलात तर आजी आणि लहानगी भेटतील. तिथे ‘मूल एकटं सोडलं’ लिहू नका. ‘आजीजवळ होतं, आईबाप तेंदूला’ असं लिहा आणि संध्याकाळी पुन्हा जा. सुट्टीत मुलं घरच्यांबरोबर पुडे बांधत असतील, तर तेवढ्यावरून बालमजुरी ठरत नाही. शाळा बुडवून दुसऱ्याकडे रोजीवर जात असतील, तर गोष्ट वेगळी.

दुभाषी गावातलाच घ्या, पण वनरक्षक नको आणि ज्याचं त्या घरावर कर्ज आहे तोही नको. त्याच्यासमोर कोणी खरं बोलणार नाही, आणि मग आपण ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं लिहून मोकळे होतो.

अन्नाचा रकाना डबे मोजून भरू नका. काल काय खाल्लं, परवा काय, पावसाळ्यासाठी काय साठवलंय, हे विचारा. गाडग्यातला सुकवलेला मोह, आंबील, रानभाजी, सगळं नावानिशी लिहा. मूल खंगलेलं दिसलं तर अंदाज नको. अंगणवाडीत वजन-उंची घ्या आणि आकडा लिहा.

सगळ्यात जास्त चुका नातेवाइकांच्या रकान्यात होतात. शहरी माणूस आईवडील, भावंडं लिहून थांबतो. गोंड घरात ‘किती देवांचे?’ विचारा: चार, पाच, सहा की सात. एका देवसंख्येची कुळं आपसात भाऊबंद, लग्नं दुसऱ्यात. त्यामुळे काका-चुलते एका गावात मावत नाहीत. मामाचं घर वेगळं विचारा. आईबाप नसले तरी मूल ठेवायला तयार असलेली किमान तीन घरं नाव-गावासह लिहा. ती नसतील तर मूल कुठे राहील हे ठरवणारी बालकल्याण समिती बालगृहाकडे वळण्याची शक्यता वाढते. २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो, पण समिती कागद बघूनच ठरवणार. सामाजिक तपासणीला, म्हणजे याच अहवालाला, पंधरा दिवस मिळतात. दोन भेटी त्यात सहज बसतात. एका भेटीत उरकणं हा आळस.

गरिबी आणि दुर्लक्ष वेगळे परिच्छेद करा. छप्पर गळतं, जातप्रमाणपत्र नाही, जन्मनोंद नाही: ही कामं सरकारी कार्यालयांची, पालकांचा दोष नव्हे. कॅनडाने २०२० पासून लागू केलेल्या कायद्यात केवळ गरिबी किंवा घराची दुरवस्था या कारणाने आदिवासी मूल काढता येत नाही. इतक्या पिढ्या गमावल्यावर.

उलटी चूकही होते. ‘त्यांची संस्कृती’ म्हणून मारहाणीचे वळ किंवा दारूपायी उपाशी पोर झाकू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. तिथे भुमका (गावचा पुजारी) किंवा पटेल (गावप्रमुख) यांचा सल्ला घेत बसू नका.

अहवाल संपला की तो घरच्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. आक्षेप निघाला तर तो त्यांच्याच शब्दांत खाली जोडा, मजकूर खोडू नका. सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण वाचून झाल्यावरच.