जुन्या एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन बसतंय? या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी डिचोलीच्या घरी अंगणात आलो, तर गाडी पुढून डावीकडे झुकलेली, म्हैस पुढचे पाय दुमडून बसते तशी. स्टार्टर मारला, कॉम्प्रेसर घरघरला, दोनेक मिनिटांत गाडी उठली. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायचं होतं. म्हटलं, उठतेय ना, मग झालं.

तीच माझी पहिली चूक. महिनाभरात कॉम्प्रेसर जळला.

आधी कॉम्प्रेसर बदलणे

गॅरेजमध्ये मी नवा कॉम्प्रेसर बसवून घेतला आणि गळती तशीच ठेवली. गळक्या कळशीत पाणी ओतत राहण्याचा प्रकार. हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. बेलोतून, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशवीतून, हवा जात राहिली की सेन्सर ‘गाडी खाली आहे’ सांगत राहतो, कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि तापून मरतो. कॉम्प्रेसर बदलाल तेव्हा त्याचा रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदला. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतानाही कॉम्प्रेसर चालू राहतो आणि बॅटरीही बसते.

(दुकानात बेलो हवा असेल तर ‘एअरबॅग’ मागू नका. मला स्टिअरिंगमधली दाखवली होती.)

गळती अंदाजाने ठरवणे

संध्याकाळी सपाट जागी गाडी लावा. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेप लावून आकडे लिहून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. माझा पुढचा डावा कोपरा ५१ सेंटिमीटरवरून ४५ वर आला होता, बाकीचे जवळपास जागेवर. मोजण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढा, हे मात्र विसरू नका. काही गाड्या बंद असतानाही स्वतःला सपाट करतात आणि एक कोपरा बसला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला खाली आणतात. मग चारही बेलो गेले असं वाटतं आणि भलतंच बिल होतं.

एकच कोपरा बसला तर संशय त्या बेलोवर, त्याच्या पाइपवर किंवा पाइपच्या जोडावर. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकत्र बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉक (प्रत्येक बेलोत हवा सोडणारे व्हॉल्व्ह असलेला भाग) तपासायला सांगा.

मग फ्यूज परत लावा आणि गाडी सर्वांत उंच करून बेलोवर शॅम्पूचं पाणी फवारा. उंच का, तर रबराच्या घडीतली भेग गाडी खाली असताना दिसतच नाही. माझ्या बेलोवर आधी काहीच दिसेना. मिनिटभर थांबलो, तेव्हा खालच्या घडीत मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत फुगायला लागले.

ड्रायर विसरणे

गोव्यात तर हे हमखास होतं. जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. कॉम्प्रेसरला जोडलेल्या ड्रायरमधले दाणे ओलावा शोषतात, पण वर्षानुवर्षं तेच दाणे राहिले की त्यांची भुकटी होऊन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. जुना कॉम्प्रेसर उघडल्यावर पांढरी पूड दिसली, तर पाइप आणि ब्लॉक साफ न करता नवा भाग लावू नका.

बसलेली गाडी चालवणे

बेलोत हवा नसताना गाडी चालवली की रबर चिमटून फाटतं, टायर आतल्या बाजूला घासतो. चोडणच्या फेरीबोटीच्या फळीवर तर बंपरच टेकतो, आणि मागे रांग हॉर्न वाजवत असते. चोर्ला घाटाच्या वळणांवर असली गाडी न्यायचा विचारही करू नका, टोइंग बोलवा.

नुसत्या जॅकवर खाली शिरणे

हवा अचानक गेली की गाडी खाली येते. मॅन्युअलमध्ये जॅक मोड (गाडीचं आपोआप वर-खाली होणं थांबवणारी सेटिंग) असेल तर तो लावा, शिवाय गाडीखाली घोडी (जॅक स्टँड) ठेवा. त्याशिवाय हातही आत घालायचा नाही. नवा बेलो लावल्यावर आधी हवा भरून घ्या, मगच गाडीचं वजन त्यावर येऊ द्या.

भंगारातला बेलो स्वस्त मिळतो, पण त्याचंही रबर तुमच्या बेलोइतकंच जुनं असतं. कॉइल स्प्रिंग टाकून मोकळं व्हा, असं सांगणारेही भेटतील. खर्च कमी होतो हे खरं, पण गाडीची चाल बदलते, उंची कमीजास्त करता येत नाही, आणि वॉर्निंग दिवा घालवायला वेगळी खटपट.

आणि हे सगळं करण्याआधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल, तर आधी ती चार्ज करा. अशक्त बॅटरीवरही सस्पेन्शनचा दिवा लागतो.