भर दुपारी सोलर बंद पडतं? या चुका टाळा

मे महिन्यातली साडेबाराची वेळ. छतावर ऊन रणरणतंय आणि जिन्याखालचा सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) 254 व्होल्ट दाखवून बंद पडतो. थोड्या वेळाने आपसूक सुरू होतो, पुन्हा पडतो. घरमालक पॅनेलला दोष देतात, पण पॅनेल ठणठणीत असतं. गल्लीतल्या दहा-बारा छतांवरची वीज एकाच वेळी डीपीकडे, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, निघालेली असते आणि वाहिनीच्या टोकाकडच्या घरी व्होल्टेज सर्वात जास्त चढतं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे 230 चं 253 च्या पुढे गेलं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं असतं. तो आपलं काम चोख करतोय.

म्हणून आधी मोजा. कडक उन्हात, एकाच वेळी, इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी किती व्होल्ट आहेत ते वायरमनकडून बघून घ्या. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक निघाला तर दोष तुमच्याच वायरीचा. 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर साधारण 22 अँपिअर देतो. 4 चौरस मिलिमीटरच्या 30 मीटर तांब्याच्या वायरीत तेवढ्याने 6 व्होल्ट चढतात. 10 ची वायर टाकली तर अडीचच्या आत. मीटरपाशीच आकडा जास्त असेल, तर मात्र प्रश्न गल्लीचा आहे.

अशा वेळी काही जण ट्रिपची मर्यादाच, म्हणजे इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजला बंद पडतो तो आकडाच, वाढवून देतात. कृपा करून हे करू देऊ नका. तुमचं सोलर चालू राहील, पण तेच चढलेलं व्होल्टेज शेजाऱ्यांच्या फ्रिजला आणि टीव्हीला मिळेल. त्याऐवजी व्होल्टेज चढेल तसं उत्पादन हळूहळू कमी करणारी सोय बऱ्याच नव्या इन्व्हर्टरमध्ये असते. वीज कंपनीला विचारून ती सुरू करा, आणि गल्लीत सगळ्यांनीच करा, नाहीतर टोकाचं घर एकटंच नुकसान सोसतं. एका आकड्याला सगळे एकदम बंद होणं किती महागात पडू शकतं, हे जर्मनीने वेळीच ओळखलं. तिथल्या जुन्या इन्व्हर्टरना विजेची वारंवारता (एका सेकंदातली आवर्तनं, एरवी 50) 50.2 हर्ट्झला पोचताच वाहिनीपासून तुटायची सक्ती होती. लख्ख उन्हात हजारो मेगावॅट एका क्षणात गेले असते. अखेर 2012 च्या नियमाने सुमारे तीन लाख संचांमध्ये बदल करायचं ठरलं.

सगळी घरं एकाच फेजवर (डीपीतून निघणाऱ्या तीन वायरींपैकी एकीवर) आहेत का, तेही डीपीवर तपासून घ्या. निम्मी तक्रार तिथेच मिटू शकते.

घरी बॅटरी असेल आणि ती सकाळी आठपासून भरायला लावली तर अकराला ती भरलेली असते आणि ऐन माथ्यावरच्या उन्हात सगळी वीज बाहेर ढकलली जाते. चार्जिंग अकरानंतर लावा. सोसायटीचा पाण्याचा पंपही पहाटेऐवजी दुपारी एकला चालवा.

शेतीच्या फीडरवर (शेतपंपांच्या वीजवाहिनीवर), तिला सौर प्रकल्पातून वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, पंप दिवसाच चालत असल्याने हे गणित आपोआप जुळतं. अडचण येते ऑटोस्विचमुळे, म्हणजे लाइट आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या स्विचमुळे. लाइट गेली की सौर प्रकल्पही वाहिनीपासून वेगळा होतो. परत आली की तो व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबतो, पंप मात्र सगळे एकदम उठतात आणि फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. ऑटोस्विच काढून टाका आणि कुणाचा पंप आधी, कुणाचा पाच मिनिटांनी, हे एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवून घ्या.