पेन्शनवर गावी येण्यापूर्वी जवानाने युनिटमध्येच उरकावयाची कामे

कोकणात लग्नानंतर मुलीचे आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत अनेक घरांत होती आणि काही घरांत ती अजूनही पाळली जाते. त्यामुळे जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पत्नीचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे नाव आणि बँकेच्या पासबुकावर तिसरेच स्पेलिंग, असा प्रकार सर्रास आढळतो. नवरा हयात असेपर्यंत या तफावतीने काहीच अडत नाही. आमच्या वाडीतील नायक हुद्द्याच्या एका जवानाच्या पत्नीला मात्र तो गेल्यानंतर आपण त्याचीच पत्नी आहोत हे सिद्ध करण्यासाठी दीड वर्ष खेटे घालावे लागले, आणि तेवढा काळ त्या घरात कुटुंबनिवृत्तिवेतनाचा एक रुपयाही आला नाही.

म्हणून निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी युनिटच्या क्लार्ककडे बसून आपल्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात. पत्नीचे नाव व जन्मतारीख, विवाहाची तारीख, प्रत्येक अपत्याचे नाव आणि आई-वडिलांची नावे आधार व पॅन कार्डाशी अक्षरशः जुळली पाहिजेत. फरक असल्यास ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र देऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीतील बदलाचा युनिटचा अधिकृत आदेश, काढून घ्यावी, आणि ती रेकॉर्ड ऑफिसात नोंदली गेल्याची खात्री करूनच थांबावे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आणि महार रेजिमेंटचे सागरला आहे. सेवेत असताना युनिटमधून जे काम एका पत्राने होते, त्यासाठी पुढे गुहागरहून किंवा वेंगुर्ल्याहून महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो. घरात दिव्यांग अपत्य असेल तर त्याची नोंद कधीही टाळू नये, कारण आई-वडिलांच्या पश्चात नियमांत बसणाऱ्या अशा अपत्याला आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते.

अधिकारीपदाखालील सैनिकास 15 वर्षांच्या अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या, सेवेनंतर सेवा निवृत्तिवेतन मिळते. ते सर्वसाधारणपणे शेवटच्या गणनापात्र वेतनाच्या निम्मे असते. त्याखेरीज ग्रॅच्युइटी, जास्तीत जास्त 300 दिवसांच्या शिल्लक रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि थलसेनेच्या गटविम्याची रक्कम मिळते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना यातील निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी लागू नाही. त्यांच्यासाठी सेवानिधीची, म्हणजे बाहेर पडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, वेगळी तरतूद आहे.

कम्युटेशनचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचा निर्णय मात्र घाईने करू नये. सैनिकास 50 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. मूळ निवृत्तिवेतन 20,000 रुपये असेल आणि निम्मे विकले, तर दरमहा 10,000 रुपये कापले जातात, महागाई सवलत मात्र पूर्ण 20,000 रुपयांवरच मिळत राहते, आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. डोक्यावर कर्ज असेल किंवा मुलांचे शिक्षण तोंडावर असेल तर हा मार्ग योग्यच आहे, परंतु केवळ जुन्या कौलारू घरावर स्लॅब घालण्याच्या हौसेपायी सगळी रक्कम गुंतवणे मला पटत नाही.

निवृत्तीपूर्वीच्या वैद्यकीय मंडळासमोर ऐकू कमी येणे, कंबरेचे दुखणे, रक्तदाब यांपैकी काहीही लपवू नये. आजार सेवेमुळे जडला किंवा बळावला आणि अपंगत्व किमान 20 टक्के ठरले, तर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा करता येतो. दावा फेटाळल्याचे पत्र आल्यास पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे.

निवृत्तिवेतन आता प्रयागराजच्या संरक्षण लेखा (पेन्शन) कार्यालयामार्फत ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट बँकेत जमा होते, म्हणून तेथे नोंदवलेला मोबाइल क्रमांक गावी आल्यावरही चालू राहील असाच असावा. पोस्टिंगच्या ठिकाणचे सिम बंद पडले की ओटीपी येत नाही आणि ‘स्पर्श’वरील आपले खातेच उघडता येत नाही. बँक खाते पत्नीसह संयुक्त ठेवावे. पीपीओची, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाची, प्रत हाती येताच त्यावर पत्नीचे नाव पुन्हा एकदा तपासावे.

गावी पोहोचल्यावर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून माजी सैनिकाचे ओळखपत्र घ्यावे. ईसीएचएस या वैद्यकीय योजनेचे कार्डही पत्नी आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांसह लगेच काढावे.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो देण्याचा नोव्हेंबर महिना आपल्याकडे भातकापणी-झोडणीच्या पाठोपाठ येतो. त्या दिवसांत बोटांवरच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की सेवा केंद्रातील यंत्र अंगठा घेत नाही. अशा वेळी परत न फिरता डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढून देण्यास सांगावे, आणि त्याची पावती डिस्चार्ज बुकातच ठेवावी.