प्राचीन मद्यनिर्मितीतील स्त्रियांचा सहभाग पुराव्यांवरून कसा तपासावा

मद्याच्या आरंभीच्या इतिहासात स्त्रियांचा वाटा किती होता, हे तपासायचे असेल तर एक प्रदेश आणि एक काळ निवडूनच कामाला लागावे. सुरुवातीला मेसोपोटेमिया घेणे सोयीचे, कारण तेथील कायदे, हिशेब आणि स्तोत्रे असे तिन्ही प्रकारचे लेखन आजवर टिकून आहे.

आधी कायदा वाचावा. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी (इ. स. पू. सुमारे १७९२ ते १७५०) याच्या संहितेतील १०८ ते १११ ही कलमे मद्यगृहांविषयी आहेत, आणि त्यांत मद्य विकणारी व्यक्ती स्त्रीच आहे. (कलमांचे क्रमांक मात्र आधुनिक अभ्यासकांनी दिलेले आहेत.) तिने बिअरच्या मोबदल्यात धान्य नाकारून जड वजनाने चांदी घेतली, किंवा धान्याच्या मानाने बिअर कमी दिली, तर तिला पाण्यात फेकण्याची शिक्षा सांगितली आहे, तिच्या घरी गुन्हेगार जमले आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात हजर केले नाही, तर मृत्युदंड. कलम १११ सावकाश वाचावे: विक्रेतीने एक रांजण बिअर उधार दिली, तर सुगीच्या वेळी तिला ५० सिला, म्हणजे अंदाजे ५० लिटर, धान्य मिळावे. उधारी देणारी, सुगीपर्यंत थांबू शकणारी आणि जिच्या उधारीच्या वसुलीची कायद्यानेच हमी घेतली आहे अशी ही व्यावसायिक स्त्री आहे. माझ्या मते, कोणत्याही देवीच्या स्तुतीपेक्षा हा पुरावा अधिक वजनदार आहे.

त्यानंतर निनकासी या बिअरच्या देवीचे सुमेरियन स्तोत्र (इ. स. पू. सुमारे १८००) घ्यावे. त्यात बिअरसाठीची भाकर (बप्पिर) भट्टीत भाजणे, मोड आणलेले धान्य भिजवणे, शिजवलेला लगदा बोरूच्या चटयांवर पसरणे आणि शेवटी बिअर गाळणे ही कामे क्रमाने येतात. त्यावरून प्रक्रिया समजते. परंतु देवी स्त्री आहे म्हणून प्रत्येक भट्टीवर स्त्रीच होती, असे म्हणता येत नाही. मंदिरांच्या आणि राजवाड्यांच्या हिशेबांत पुरुष मद्यकारही आढळतात. सुमेरियन राजावलीत मद्यगृह चालवणाऱ्या कुबाबा हिने किश या नगरात १०० वर्षे राज्य केल्याचे लिहिले आहे. तो आकडा दंतकथेचा मानावा, पण तिचा व्यवसाय आवर्जून नोंदवला गेला आहे, हे टिपून ठेवावे.

जेथे लेखनच नाही, तेथे उत्खननाकडे वळावे. दक्षिण पेरूतील सेरो बाउल या डोंगरमाथ्यावर वारी या प्राचीन संस्कृतीचे लोक मका आणि मोये झाडाची फळे यांपासून चिचा नावाची बिअर बनवत, आणि सुमारे १००० वर्षांपूर्वी जाळून सोडलेल्या तेथील मद्यशाळेत स्त्रियांच्या शालीला लावायच्या धातूच्या टाचण्या सापडल्या. तेथे उच्चकुलीन स्त्रिया काम करत असाव्यात, हा अभ्यासकांचा तर्क मुख्यतः त्यावर उभा आहे. अशा वस्तूची नोंद वाचताना ती कोणत्या खोलीत आणि कोणत्या थरात मिळाली हे आधी पाहावे, कारण चुलीजवळच्या जमिनीवर पडलेली टाचणी आणि बाहेरच्या कचऱ्यात मिळालेली टाचणी यांवरून एकच निष्कर्ष काढता येत नाही.