विसर्जनाची यादी कोणाच्या हातात?

मी ताशा वाजवते आणि पुण्यातल्या आमच्या ढोल-ताशा पथकात नवीन वादकांचं बघते. बघते म्हणजे नाव नोंदवून घेण्यापासून ते "ताई, फोड फुटला" इथपर्यंत सगळं. बाकीच्या पथकांतली मंडळी विचारतात, तुमच्याकडे पोरांमध्ये दादागिरी होत नाही का? होते. नववीतल्या मुलापासून चाळिशीतल्या काकांपर्यंत सगळे एका मांडवात आले की ती होणारच. ती फोफावू द्यायची का, हा प्रश्न आहे. म्हणून मी समोरच्याला आधी एकच विचारते: विसर्जन मिरवणुकीत कोण वाजवणार, ही यादी तुमच्याकडे कोण करतं?

सगळी गोम तिथे आहे. मिरवणुकीत पथकात किती जण असावेत यावर मर्यादा असते, त्यामुळे दोन महिने नदीपात्रात सराव करून घाम गाळणारे सगळेच लक्ष्मी रोडवर वाजवत नाहीत. नवीन पोराला अनंत चतुर्दशीचं ते वादन जिवापेक्षा प्यारं असतं. मग एखाद्या सिनिअरने नुसतं "विसर्जनाला वाजवायचंय ना?" म्हटलं तरी तो दुसऱ्याचा ढोल उचलतो, चहा आणतो, उठाबशा काढतो, शिव्या खातो आणि घरी "मस्त चाललंय" म्हणून सांगतो.

तेव्हा पहिलं काम हे करा. वाद्यपूजनाच्या, म्हणजे सराव सुरू होतो त्या दिवशीच, पालक हजर असताना, निवडीचे निकष कागदावर लिहून मांडवाच्या बांबूला लावा. आमचे तीनच आहेत: हजेरी, ठेका आणि वाद्याची निगा. हजेरी एकाने मांडायची. ठेका दोघांनी तपासायचा, त्यातला एक ढोलाचा आणि एक ताशाचा, म्हणजे एकाच टोळक्याचे दोघे येत नाहीत. यादी लागली की ज्याचं नाव नाही त्याला कारण तोंडावर सांगायचं. हे एवढं केलं की "तुझं नाव कापीन" या धमकीतली हवाच जाते. काही सिनिअर नाराज होतात. होऊ द्या. कोण नाराज झालं ते मात्र लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

पुण्यातली ढोल पथकं आधी शाळांमधून वाढली. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग ही नावं त्यातली. तिथे बाजूला कोणीतरी सर उभे असायचे. आजच्या बहुतेक पथकांत सर नाहीत, सगळे दादा आणि ताई. वयाने तिशीतला माणूससुद्धा पोरांचा मित्रच व्हायला बघतो. मग सरांच्या जागी कोण, हे ठरवावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी दोन नावं ठरलेली असतात, त्यात एक बाई हवीच, आणि त्या दोघांनी सरावात स्वतः वाजवायचं नाही. हा त्याग मोठा आहे, मला विचारा. पण कमरेला ढोल बांधलेल्या माणसाला ढोलापलीकडचं काही दिसत नाही.

या दोघांनी बघायचं काय? वादन चालू असताना फारसं काही घडत नाही. घडतं ते मधल्या वेळात: टेम्पोतून ढोल उतरवताना, दोऱ्या ओढून ढोलाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, ताणताना, पाणी प्यायला सुटल्यावर, रात्री गाड्या काढताना. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे खडकवासला धरणातून पाणी सोडतात तो. नदीपात्रातला रस्ता बुडतो, सराव रद्द होतो, वाद्यं वर हलवायची असतात आणि तीस-चाळीस रिकामी पोरं पुलाजवळ उभी राहतात. त्या दिवशी मी हमखास जाते. नॉर्वेत डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध मोहीम उभी केली, त्यातही मधल्या सुट्टीत मोठ्यांनी लक्ष ठेवण्यावर भर होता. नदीपात्राला ते तसंच्या तसं लागू पडतं.

मधल्या वेळातल्या कामांना नियम लावा. ज्याचा ढोल त्याने उचलायचा. पान ताणायला जोड्या, आणि जोड्या दर आठवड्याला बदलायच्या. मुलींना ढोल बांधायला मुलीच मदत करतील. शिक्षा म्हणून उठाबशा, पळायला लावणं, ढोल डोक्यावर धरून उभं करणं हे सगळं बंद. उशिरा आला तर त्या दिवशी पहिला अर्धा तास बसून बघायचं, बास.

चिडवाचिडवीचं काय, असं लगेच कोणीतरी विचारतं. आपण पुणेरी, टोमणे मारल्याशिवाय आपला दिवस जात नाही. ओल्वेउस तीन खुणा सांगतो: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला परत देता येत नाही अशाला केलेलं. मला तिसरी सगळ्यात कामाची वाटते. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाला सिनिअर पोरं त्याची नक्कल करून हाक मारायची आणि तोही हसायचा. "तो हसतोय की ताई!" असं मला सांगण्यात आलं. मी विचारलं, तो तुमची अशीच नक्कल करेल का, सगळ्यांसमोर? कोणी काही बोललं नाही. हसणं म्हणजे चालतंय असं धरू नका. टोपणनावाबद्दल आमचा नियम सोपा आहे: ज्याचं नाव त्याने ठरवायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लक्ष ठेवणं अवघड, कारण तुम्हाला दिसतो तो ग्रुप खरा नसतोच. सरावाचे व्हिडिओ एकाच ठरलेल्या माणसाने काढायचे, बाकी फोन पिशवीत. ठेका चुकलेल्या पोराचं स्टिकर होण्याचे प्रकार त्यानेच निम्मे कमी होतात. काही वाईट आलंच तर मुलाला सांगा: पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ, पुढे पाठवू नकोस. अल्पवयीन मुलामुलीचं अश्लील चित्र असेल तर मात्र स्क्रीनशॉटच्याही भानगडीत पडू नका, फोन तसाच ठेवून पालकांसह थेट पोलिसांकडे जा.

आता तक्रार आल्यावर. पोर बोलायला लागलं की "तू काय केलं होतंस?" हे तोंडातून येऊ देऊ नका. विचारायचं ते हे: कधीपासून, कुठे, जवळ कोण कोण असतं? घरी गेल्यावर तारीख टाकून वहीत लिहा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही, पण गंभीर असेल तर मला सांगावंच लागेल" असं म्हणा. आणि दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावायची हौस आवरा. ती आपल्या समाधानासाठी असते. दुसऱ्या दिवशी टेम्पोमागे त्या पोराला त्याची किंमत मोजावी लागते.

त्रास देणाऱ्याशी एकट्याशी, शांतपणे आणि थोडक्यात बोला. "तू गुंड आहेस" म्हणू नका. "मंगळवारी पान ताणताना तू त्याची बाटली नदीत टाकलीस. पुन्हा झालं तर आठ दिवस सराव बंद, आणि हजेरीत ते दिसेल." यादीचा निकष इथे कामाला येतो. पहिला गुन्हा पथकाच्या लाडक्या वादकाकडून झाला, तर तोच नियम त्यालाही लावा, सगळं पथक तेवढंच बघत असतं. आजूबाजूच्या पोरांना भाषण नको, एक काम द्या: असं काही दिसलं की त्या मुलाला "चल, दोरी धर" म्हणून तिथून बाजूला काढायचं. भांडायला बळ लागतं, दोरी धरायला बोलवायला नाही.

मारहाण, धमक्या, अंगचटीला येणं हे पथकाने आपसात मिटवायचे विषय नाहीत. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शिक्षणसंस्थांपुरता आहे, तो पथकाला लागत नाही. पण मारहाण हा बाहेरही गुन्हाच. अठराच्या आतल्या मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा. "पथकाचं नाव खराब होईल" हे वाक्य बैठकीत हमखास येतं, तेव्हा ही ओळ वाचून दाखवा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे दोन नंबर आमच्या निकषांच्या कागदाखालीच लिहिलेले असतात.

विसर्जन झालं, ढोल धुऊन रचून ठेवले, की जे मध्येच गळाले त्यांची नावं हजेरीवरून शोधा आणि फोन करा. बहुतेक जण "अभ्यास होता" म्हणतात. मग विचारा, यायचं बंद केलंस त्या आठवड्यात तुझी जोडी कोणाबरोबर होती? उत्तरं जोड्यांच्या तक्त्याशेजारी मांडा. दोन-तीन फोनांत एकच नाव आलं, तर पुढच्या वाद्यपूजनाच्या आधी त्या माणसाशी बसून बोला, आणि तोवर त्याच्या हातात नवीन वादक देऊ नका.